ढग काय, महाडातही आहेत!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. गुडघ्याचं कारण पुढे करता येईल, पण खरं कारण आळस. आणि आजचं लिखाण जरा भांडणाचं आहे, ते आधीच सांगून ठेवते. ज्यांना माझं गोडगोड लिहिलेलं आवडतं त्यांनी मागचा पातोळ्यांवरचा लेख पुन्हा वाचावा.

झालं असं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नातीने (म्हणजे माझ्या थोरल्या पुतण्याची मुलगी, पुण्याला नोकरी करते) लिहिलं, "२ ऑगस्ट २०२७ ला खग्रास सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरला जाऊन फोटो काढायचे ठरवतेय. कोण येणार?" मी लिहिलं, "मी." त्यानंतर अर्धा तास ग्रुपवर सामसूम. एरवी सकाळी साडेपाचपासून फुलं पाठवणारी माणसं! मग धाकट्या पुतण्याचा निरोप आला. "काकू, एवढे लाखभर रुपये घालून तिकडे जाऊन ढगच बघायचे ना? मग ढग काय, महाडातही आहेत! फुकट!" खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. मी मोजली. अकरा.

विनोद चांगला आहे. चांगला असणारच, कारण तो मूळचा माझाच आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. मी राहते नात्याला. महाडहून रायगडाकडे निघालात की वाटेत लागतं ते नाते. चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव म्हणून कुणाकुणाला माहीत असतं. बाकीच्यांच्या गाड्या थेट पाचाडला जाऊन थांबतात. १९७४ साली लग्न होऊन इथे आले, पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, २००९ साली निवृत्त झाले. आमचे हे विज्ञानाचे मास्तर होते. २०१८ साली गेले. ह्यांना आयुष्यात दोन गोष्टींचा नाद, एक फोटो काढण्याचा आणि दुसरा सूर्यग्रहणांचा. दोन्ही एकत्र आले की काय होतं ते आमच्या घराने पाहिलंय.

ह्यांनी चार खग्रास ग्रहणांचे बेत आखले. चारही हुकली. नातेवाइकांच्या आठवणीत मात्र त्यातली दोनच आहेत, ज्यांत ढग आले ती. उरलेली दोन कशी हुकली हे सोयीने विसरलं गेलंय. तेच आज लिहायचंय.

पहिलं १६ फेब्रुवारी १९८०. शनिवार होता. ग्रहणाची सावली कारवार-अंकोल्यावरून देशात शिरून रायचूर, हैदराबादच्या बाजूने ओरिसाकडे जाणार होती. कारवार आपल्यापासून एसटीने एका रात्रीचा प्रवास. फेब्रुवारी महिना, आभाळात औषधालाही ढग नाही. ह्यांच्याकडे तेव्हा आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, साधा डबाच तो. पण महिनाभर आधीपासून वहीत आकृत्या काढणं चाललं होतं. आणि मी सहाव्या महिन्यात होते.

पुढे काय झालं असेल ते चाळिशीच्या वरच्या बायकांना सांगायला नको. सासूबाईंनी मला माजघरात निजवलं. कूस बदलायची नाही, विळी-सुरीला हात लावायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. "आणि अशा वेळी तू तिकडे ग्रहण बघायला जाणार?" असं म्हटल्यावर हे कुठले जातात! दिवसभर ओटीवर येरझाऱ्या घालत बसले. दुपारी कवडशांतून भिंतीवर चंद्रकोरी पडल्या त्या त्यांनी एकट्यानेच पाहिल्या. मला आतून विचारायचीही चोरी. त्या दिवशी नुसतं नाते नाही, मुंबईचे रस्तेसुद्धा ओस पडले होते. शिकलेली माणसं दारंखिडक्या लावून बसली. संध्याकाळी "दे दान सुटे गिराण" ओरडत येणारे मात्र उघड्यावर निवांत फिरत होते, त्यांना काही झालं नाही.

दुसरं २४ ऑक्टोबर १९९५. हे राजस्थानात नीम का थाना, इकडे आग्रा-फत्तेपूर सिक्री, तिकडे बंगालात डायमंड हार्बर असं गेलं. पाऊस संपलेला, हवा कोरडी, शाळेला दिवाळीची सुट्टी, ह्यांच्या हाताशी यशिकाचा चांगला कॅमेरा आणि एका विद्यार्थ्याकडून आणलेली २०० मिलिमीटरची भिंग. गाडीचं आरक्षणसुद्धा झालं होतं. पण ग्रहण आलं लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी! दिवाळीत घरचा कर्ता मुलगा बाहेर, तोही ग्रहणात? सासूबाईंनी जेवण सोडलं. मोठे भाऊजी मुंबईहून आले आणि त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. आरक्षण रद्द झालं. त्या दिवशी राजस्थानात आकाश स्वच्छ होतं. मिनिटही पुरं न भरणारं खग्रास होतं ते, पण ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. हवाई दलाने तर विमानातूनही त्याचे फोटो काढले. आम्ही घरात वेध संपायची वाट पाहत चकल्या झाकून बसलो.

आता सांगा, ही दोन ग्रहणं ढगांनी खाल्ली की आम्ही?

उरलेली दोन ढगांनी खाल्ली, ते कबूल. ११ ऑगस्ट १९९९ ला हे भूजला गेले. तोवर सासूबाई गेल्या होत्या, मुलगा कॉलेजात होता, अडवणारं कुणी नव्हतं. मीच होते, आणि मी अडवलं नाही, पण साथही दिली नाही. ऑगस्ट महिना, पाऊस, आणि ग्रहण सूर्य मावळतीकडे झुकल्यावर. फोटो कसला मिळणार? ह्यांनी पतपेढीतून पाच हजारांचं कर्ज काढलं याचा मला राग होता. त्याच वर्षी आमच्या स्वयंपाकघराचे वासे बदलायचे होते. ते तसेच राहिले.

भूजला संध्याकाळी सहाच्या सुमारास मिनिटभराचं खग्रास झालं आणि ह्यांच्या डोक्यावर ढगांची गोधडी होती. घरी आले ते गप्प. महाडच्या फोटोवाल्याने रोल धुतला आणि विचारलं, "मास्तर, रोल ब्लँक गेलाय, प्रिंटा काढू का?" छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नुसते ढग. दोन दिवसांनी घरी पाहुणे आले होते. कुणीतरी विचारलं, "मास्तर, भूजहून काय आणलंत?" आणि मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येता येता म्हणाले, "ढग आणलेत. आपल्याकडे कमी होते ना!" सगळे खो खो हसले. हेसुद्धा हसले. तोच विनोद पंचवीस वर्षं घरात फिरून आता इमोजी लावून माझ्याकडे परत आलाय.

विनोद थांबवता येत नाही. पण त्याच्या पोटात जो युक्तिवाद आहे ना, त्याच्याशी मला भांडायचंय. युक्तिवाद असा की, हाती काही लागेल याची खात्री नसेल तर निघूच नये. निघून हात हलवत परत येणारा तो मूर्ख.

अहो, आपण कोकणातली माणसं! मृग कोरडा जाईल की काय याची खात्री नसताना दरवर्षी इथे राब भाजून तयार असतात. पेरलं आणि पाऊस पंधरा दिवस गायब, रोप करपलं, पुन्हा पेरलं. लावणी झाली आणि गांधारीला पूर आला, रोपं वाहून गेली, पुन्हा लावली. असं वर्ष कुणाच्या घरी आलेलं नाही? त्या शेतकऱ्याला कुणी "चिखलाचा मास्तर" म्हणून हसत नाही. आणि पंढरीला पायी जाणारे? आषाढीला गर्दीत चेंगरून, गाभाऱ्यापर्यंत न पोचता, कळसाला हात जोडून परत येणारे हजारो. "मग गेलातच कशाला, फोटो होता की घरात" असं त्यांना म्हणायची आपली टाप नाही. ग्रहण आणि विठोबा एक असं मी म्हणत नाहीये, उगाच माझ्यावर घसरू नका. वाट पाहून हुकणं आपल्याला एरवी कळतं, इथेच का कळत नाही एवढंच विचारतेय.

आता जरा इतिहासाच्या बाई म्हणून बोलते. बाकं सोडून पळू नका.

९ ऑगस्ट १८९६ ला नॉर्वेच्या अगदी उत्तरेला व्हाडसो या गावाजवळून खग्रास ग्रहण जाणार होतं. (हे आपल्या चिंतामणरावांच्या जन्माचं साल, तेव्हा ते सात महिन्यांचे.) जगभरातले ज्योतिषी दुर्बिणी-कॅमेरे बोटींत घालून तिथे गोळा झाले. त्यांत पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली होती. त्या काळात पुण्याहून नॉर्वेच्या टोकाला जायचं म्हणजे किती आठवड्यांचा प्रवास असेल याचा हिशेब करा. तिथेच इंग्लंडच्या ॲनी माँडर आणि त्यांचे पती होते. जवळच्याच एका बेटावर नॉर्मन लॉकियर आरमाराच्या जहाजासकट मुक्कामाला होते. आणि ऐन वेळी ढग! सगळ्यांचं सगळं पाण्यात.

पुण्यातही तेव्हा पुतणे असतीलच. "प्राध्यापकसाहेब, ढग काय, सिंहगडावरही आहेत" असं कुणीतरी म्हणालं असेल.

दीड वर्षाने, २२ जानेवारी १८९८ ला, खग्रासाची सावली आपल्या महाराष्ट्रावरून गेली. विजयदुर्गापासून सोलापुराकडच्या जेऊरवरून थेट वऱ्हाडापर्यंत. प्लेगचे दिवस होते ते. आणि व्हाडसोला नाक कापून घेतलेली हीच मंडळी पुन्हा आपले कॅमेरे घेऊन उभी! नायगमवाला जेऊरला. लॉकियर विजयदुर्गाला, मदतीला मेलपोमिनी जहाजावरचे खलाशी. माँडर दांपत्य वऱ्हाडात तळणीला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही जेऊरलाच तळ ठोकून होते. खग्रास जेमतेम दोन मिनिटांचं, पण जानेवारीचं आकाश. ॲनीबाईंनी स्वतःच्या लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला इतका लांब झोत टिपला की तोवर तसा कुणाच्याच फोटोत आला नव्हता. या बाईंना लग्न केलं म्हणून ग्रिनिचच्या वेधशाळेतली नोकरी सोडावी लागली होती, कारण लग्न झालेल्या बायका तिथे चालत नसत. १९०५ साली कॅनडातल्या लाब्राडोरला गेल्या तर पुन्हा ढग. म्हणजे एक ढगांचं, मग एक तळणीचं, मधे काही चांगली, मग पुन्हा एक ढगांचं. हिशेब हा असाच चालतो. नायगमवालांनी आपल्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल १९०२ साली छापला. १९१२ ला ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली, तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात त्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे ते विचारून बघा.

जाता जाता एक कान उपटते. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून सांगतात की लॉकियरने १८६८ साली इथे हेलियमचा शोध लावला. १८ ऑगस्टला तिथे हेलियमचा दिवसही साजरा होतो. साजरा जरूर करा, मुलं विज्ञान ऐकतात. पण १८६८ ला लॉकियर इंग्लंडातच होता. ऑगस्टच्या त्या ग्रहणाला फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंटूरला होता, दुसरे इंग्रज अधिकारी जमखंडी-विजापुराकडे होते, आणि लॉकियरने ऑक्टोबरात ग्रहणाशिवायच तिकडून आपलं काम केलं. विजयदुर्गाला तो आला तीस वर्षांनी. त्याआधी १८७० ला सिसिलीला जाताना त्याचं जहाज खडकावर आपटलं होतं आणि तिथेही ढगांनी त्याला क्षणभरच सूर्य दाखवला होता. मला वाटतं, पोरांना ही गोष्ट सांगावी. ती जास्त खरी आहे आणि जास्त मजेची.

असो. आता बाकीचे आक्षेप.

"नेटवर नासाचे फोटो असतात, आपल्या फोटोंना कोण विचारतो?" अगदी खरं. नासाचे फोटो चांगलेच असतात. मग तुमच्या मुलीच्या लग्नात दोन फोटोग्राफर आणि एक ड्रोन लावलेला असताना तुम्ही सगळे मोबाइल उंच धरून मागच्यांचा बघायचा रस्ता का अडवत होतात? आणि कुणाला वाटत असेल की बटण दाबलं की झालं, तर तसंही नाही. २०० मिलिमीटरच्या भिंगेतून सूर्य फिल्मवर दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. खग्रास होईपर्यंत फिल्टर लावायचा, तो हिऱ्याच्या अंगठीच्या क्षणी काढायचा, संपताना परत लावायचा. प्रभामंडल सूर्याच्या कडेशी झगझगीत आणि बाहेर अगदी मंद, म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागापासून पूर्ण एका सेकंदापर्यंत वेगवेगळे फोटो घ्यायचे. हे सगळं अंधारात, हात कापत असताना. हे रात्री दिवा घालवून ओटीवर सराव करायचे. (आणि कुणी एक्सरेच्या फिल्ममधून किंवा गॉगलमधून सूर्याकडे बघू नका. मास्तरांच्या वतीने ही सूचना फुकट.)

"इथूनही ९५ टक्के दिसतंच की." नाही दिसत. सूर्याचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी त्याचा उजेड प्रभामंडलाच्या दहा हजार पट असतो. तेवढ्याने सगळं झाकून जातं. पंचाण्णव टक्के म्हणजे स्टेशनपर्यंत जाऊन गाडी न पकडण्यासारखं. आणि एकाच गावावरून खग्रास सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा जातं. नात्याच्या ओटीवर बसून वाट बघायची असेल तर बसा.

पैशाचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या घरचे वासे खरंच राहिले होते, आणि पुढच्या पावसात चुलीवर गळलं. कर्ज काढून जाऊ नये असं मला आजही वाटतं. शिवाय या नादाच्या लोकांतही वेडेपणा कमी नाही. काहींना ग्रहणापेक्षा आपली भिंग कुणापेक्षा मोठी आहे यातच रस. "खात्रीने दिसेल" असं छापून पैसे घेणारे प्रवासवालेही आहेत. आकाशाची खात्री कोण देणार? २००९ साली बिहारमधल्या तारेगनाचं नाव सगळीकडे झालं, तिथे सर्वांत चांगलं दिसणार म्हणून. हजारो माणसं तिथे लोटली आणि त्यांनी ढग पाहिले. तिकडे वाराणसीच्या घाटांवर नुसतं स्नानाला उतरलेल्या लोकांना खग्रास दिसलं! अलीकडचं सांगू? ८ एप्रिल २०२४ ला अमेरिकेत जुन्या नोंदींवरून सगळे म्हणत होते टेक्सासला जा, उत्तरेला ढग असतील. झालं उलटं. टेक्सासात बऱ्याच ठिकाणी ढग आणि पार उत्तरेला व्हरमाँटात, मेनमध्ये लख्ख आकाश.

माझा मुलगा तिथेच असतो, टेक्सासात, ऑस्टिनला. १९८० साली ज्याच्यासाठी मी माजघरात निजले होते तोच. खग्रासाची सावली त्याच्या घरावरून जाणार होती. मी त्याला म्हटलं होतं, तू बाबांसाठी बघ. आपल्याकडे रात्री बारा वाजून गेले आणि त्याचा फोन आला. बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "आई, सगळे ढग होते. मधे एक फट पडली. आठदहा सेकंद. काळं बुबुळ असतं ना, तसं. मी फोटो काढायला विसरलो." चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, रडत होता. आमच्या घराण्यात खग्रास पाहिलेला आजवर तो एकटा, तोही आठदहा सेकंद.

आणि सुरत. २२ जुलै २००९. हे एकटंच ग्रहण असं की ज्याला मी ह्यांच्याबरोबर होते. नुकतीच निवृत्त झाले होते, सबब उरली नव्हती. शिवाय चहाच्या ट्रेवरचं ते वाक्य दहा वर्षं मला टोचत होतं. एसटीने मुंबई, तिथून गाडीने सुरत. एका ओळखीच्यांच्या गच्चीवर पहाटे चारपासून आम्ही आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर सगळी सुरत. आकाश गच्च. सूर्य उगवला असेल ते फक्त घड्याळावरून कळलं. ह्यांनी कॅमेरा पूर्वेला लावून ठेवला होता आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधली होती.

सव्वासहा होऊन गेल्यावर पश्चिमेकडून काहीतरी आलं. अंधार पडला असं म्हणणं बरोबर नाही. अंधार *आला*. कंदिलाची वात कुणीतरी भराभर खाली ओढावी तसा, पण एका बाजूने. नुकते ओरडायला लागलेले कावळे एकदम गप्प. गार वारा सुटला. मग साऱ्या गच्च्यांवरून एक आवाज उठला, हजारो माणसांचा, आरोळी नव्हे आणि रडणंही नव्हे. मी ह्यांचा हात धरला, सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षी, चारचौघांत. तीन मिनिटांहून थोडं जास्त चाललं ते. चंद्राची सावली आमच्या अंगावरून गेली, आणि ती गेली तेव्हा आम्ही तिच्यात उभे होतो. ढगांनी सूर्य लपवला. सावली लपवता येत नाही.

परतताना गाडीत हे म्हणाले, "तुला कळलं ना आता, भूजला काय झालं होतं?" एवढंच.

ते मला पूर्ण कळलं २०१८ नंतर. ह्यांचं कपाट आवरताना भूजचा तो 'ब्लँक' रोल सापडला. बरोबर वहीचा एक कागद होता. त्यावर लिहिलेलं, ढग हटण्याची आशा सोडली, आता कॅमेरा ट्रायपॉडवर, सगळ्या फोटोंना एकच एक्स्पोजर, दर दहा सेकंदांनी एक. मी निगेटिव्हच्या पट्ट्या खिडकीच्या काचेला ओळीने लावल्या. निगेटिव्हमध्ये उजेडाचं काळं दिसतं आणि अंधाराचं पांढरं. पहिल्या पट्टीतले ढग काळसर, मग हळूहळू फिकट, मधे पाचसहा चौकोन जवळजवळ कोरे काचेसारखे, मग पुन्हा काळसर. सहा मिनिटं. सावली आली आणि गेली ती अख्खी त्या पट्ट्यांत होती. मास्तरांनी ग्रहणाचा फोटो आणला होता. आम्हाला तो वाचता येत नव्हता. आणि ज्या बाईला सगळ्यांत आधी वाचता यायला हवा होता तिने ट्रे हातात धरून विनोद केला.

आता लक्सरचं. ऑगस्टमध्ये तिथे ढग जवळजवळ नसतातच. वाळवंट आहे ते. खग्रास सहा मिनिटांहून जास्त, जमिनीवरून दिसणारं एवढं मोठं पुढची कित्येक दशकं नाही. हे नातीने ग्रुपवर नकाशासकट टाकलं. मला वाटलं, चला, ढगांचा प्रश्न मिटला, आता अकराही जण निघतील. तर काय? "तिकडे ऊन किती असतं!" "मुलीच्या लग्नाचं बघायचं सोडून हे काय?" "काकूंना या वयात कुठे फिरवतेस?" "ग्रहणात प्रवास करू नये म्हणतात." बघा म्हणजे. १९८० ला ढग नव्हते तेव्हा गर्भार बायको होती. १९९५ ला ढग नव्हते तेव्हा दिवाळी होती. २०२७ ला ढग नाहीत तर ऊन आहे! मंडळी, आपली अडचण ढगांची कधीच नव्हती.

उन्हाचं मात्र खरं आहे. भर दुपारचं ग्रहण आहे आणि लक्सरचा ऑगस्ट म्हणजे भट्टी. छत्री नेईन, टोपी नेईन, लिंबूमीठ नेईन. डॉक्टरांना विचारलंय, ते नाही म्हणालेले नाहीत. आणि थांबायचं म्हणाल तर भारतातलं पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, लडाखकडे, कडाक्याच्या थंडीत. तेव्हा मी असलेच तर त्र्याऐंशीची असेन. म्हणजे कुणीतरी "या वयात?" म्हणायला मोकळं!

नातीच्या आईवडलांना वेगळं सांगते, सगळ्यांसमोर सांगते. पोरगी स्वतःच्या पगारातून जातेय. कर्ज काढत नाहीये, वासे तुमचे शाबूत आहेत. तिच्या आजोबांनी दोनदा घरच्यांचं ऐकलं. ऐकल्याबद्दल त्यांना कुणी शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. नंतर नुसते हसलो.

पासपोर्टचा अर्ज मी केलाय. ह्यांची यशिका आणि भूजच्या पट्ट्या नातीला दिल्या आहेत. कॅमेरा ती नेणार नाही, तिचा स्वतःचा आहे, पण राहू दे तिच्याकडे. राहता राहिला ट्रायपॉड. तो २०१२ साली एका लग्नाच्या शूटिंगसाठी म्हणून आमच्याकडून नेलेला आहे आणि अजून परत आलेला नाही. कुणाकडे आहे ते मला माहीत आहे, ग्रुपवर नाव लिहीत नाही. जड आहे, एका पायाचा स्क्रू ढिला आहे, दुरुस्तीला वेळ लागेल. येत्या दिवाळीला नात्याला याल तेव्हा घेऊन या.